मागच्या खोलीत वाय-फाय येत नाही? जुना राउटर दुसरा म्हणून असा जोडा

कोकणातल्या चिऱ्याच्या घरात पुढे ओटी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. फायबरवाला येतो आणि आपली पेटी ओटीवर, दाराजवळ ठोकून जातो, कारण त्याची वायर तिथवरच आणणे त्याला सोपे पडते. मालेगाव, भिवंडीच्या जुन्या मोहल्ल्यांतली घरे अरुंद आणि लांबट, खोलीमागे खोली. तिथेही तेच. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये लांबी कमी, पण भिंती आणि स्लॅब काँक्रीटचे. पुढच्या खोलीत व्हिडिओ पळतो आणि मागच्या खोलीत नुसते चक्र फिरत राहते.

घरात दहावी-बारावीची मुलगी असेल तर ही नुसती गैरसोय राहत नाही. तिला अभ्यासाला मागची खोली हवी असते, पण लेक्चर बघायचे, शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा फॉर्म भरायचा तर पुढे, येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांत येऊन बसावे लागते. आखातातून अब्बूंचा व्हिडिओ कॉल आला की दादीला खाटेवरून उठवून ओटीवर आणायचे. शाळेत पालक आम्हाला याबद्दल विचारतात, तोवर बऱ्याच जणांनी दुसरे कनेक्शन तरी घेतलेले असते किंवा दुकानदाराने सांगितलेले एखादे यंत्र तरी. आमचे मत असे की बहुतेक घरांत दोन्हींची गरज नसते. कपाटावर धूळ खात पडलेला जुना राउटर, एक वायर आणि मोजकी सेटिंग एवढ्यात काम होते. मात्र सेटिंगचा क्रम पाळावा लागतो. तो चुकला तर चालू असलेले नेटही बंद पडते, म्हणून हे जरा सविस्तर सांगत आहोत.

आधी दोन गोष्टी तपासा

पहिल्या पेटीच्या अगदी जवळ उभे राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. मग मागच्या खोलीत जाऊन तीच टेस्ट करा. पेटीजवळ वेग चांगला आणि मागे पडतो, तर दुसरा राउटर तुमच्या कामाचा. पेटीजवळच वेग नसेल तर दोष लाइनचा किंवा प्लॅनचा आहे. तिथे घरात दहा राउटर लावले तरी काही होणार नाही, कंपनीकडे तक्रार करावी लागेल.

दुसरी गोष्ट, पेटी कुठे आहे ते बघा. लोखंडी कपाटाच्या मागे, फ्रिजच्या वर, टीव्हीच्या पाठीमागे किंवा शोकेसमध्ये ठेवलेली पेटी अर्धा सिग्नल तिथेच गमावते. लोखंड आणि पत्रा वाय-फायला जवळजवळ अडवूनच टाकतात. पेटी उघड्यावर, छातीच्या उंचीला, शक्य तितकी घराच्या मध्याकडे सरकवा. फक्त फायबरची पातळ वायर स्वतः ओढू नका, तीव्र वळवू नका. आत काचेचा तंतू असतो, तो मोडला की जोडायला माणूसच बोलवावा लागतो.

आजकालच्या पेट्यांतून दोन पट्ट्यांवर वाय-फाय निघते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर थकतो. २.४ चा वेग कमी, पण भिंत ओलांडून थोडा पुढे जातो. नाव वेगवेगळे दिसत असेल तर मागच्या खोलीत २.४ वाले नाव जोडून बघा. काही घरांत एवढ्यानेच प्रश्न सुटतो, पुढचे वाचायचीही गरज उरत नाही.

जुना राउटर चालेल का?

बहुधा चालेल. आधीच्या कंपनीचा राउटर पडून असेल तर उत्तम. टेलिफोनच्या लाइनवर चालणारे जुने ब्रॉडबँड मोडेमसुद्धा या कामाला चालतात, हे अनेकांना माहीत नसते. त्याचे टेलिफोनचे छोटे छिद्र आता निरुपयोगी आहे, पण मागची लॅनची छिद्रे आणि वाय-फाय शाबूत असतात आणि आपल्याला तेवढेच हवे आहे. जुन्या राउटरच्या लॅन छिद्रांचा वेग बहुतेक वेळा १०० एमबीपीएसपर्यंतच असतो. तुमचा प्लॅन ३०० चा असला तरी मागे १०० च्या आतच मिळेल. लेक्चर, फॉर्म आणि व्हिडिओ कॉलसाठी तेवढे भरपूर झाले.

एक अट मात्र आम्ही घालू. त्या राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ ही सुरक्षा हवी. ती २००४ सालापासून आहे, त्यामुळे फारच जुना नग नसेल तर मिळतेच. फक्त डब्ल्यूईपी दिसत असेल तर तो राउटर भंगारातच द्या, त्याचा पासवर्ड तोडणे आता पोरखेळ आहे.

ॲडॉप्टर दुसऱ्याच वस्तूचा लावू नका. राउटरच्या तळाशी ९ व्होल्ट किंवा १२ व्होल्ट असे लिहिलेले असते, ॲडॉप्टरवरही तोच आकडा हवा. अँपिअरचा आकडा सारखा किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही.

वायर

पहिल्या पेटीपासून मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर टाकावी लागते. दुकानात कॅट-५-ई किंवा कॅट-६ म्हणून मागा. घरासाठी कॅट-५-ई पुरते. अशी वायर १०० मीटरपर्यंत काम करते, म्हणजे कुठल्याही घराला पुरून उरते. शुद्ध तांब्याची घ्या. स्वस्तात मिळणारी सीसीए वायर म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते.

वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका. विजेच्या लाइनपासून चार बोटे तरी लांब ठेवा आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडा. छपरावरून किंवा भिंतीबाहेरून जाणार असेल तर बाहेरच्या वापराची काळी वायर मागा, घरातली वायर उन्हापावसात दोन-तीन वर्षांत तडकते.

टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसवावे लागतात. दुकानदार मोजून, दोन्ही टोके बसवून देतो, तेच सोपे. पण भिंतीच्या भोकातून कनेक्टरसकट वायर जात नाही, म्हणून एक टोक घरी बसवायची वेळ येतेच. कनेक्टरची खिट्टी खाली आणि तोंड आपल्यापासून दूर धरले की डावीकडून रंगांचा क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. निळी जोडी हिरव्याच्या मधोमध बसते, तिथेच बहुतेकांचा हात चुकतो. आठपैकी चारच तारा नीट लागल्या, आणि त्या पहिली, दुसरी, तिसरी व सहावी असल्या, तरी नेट चालते, पण १०० एमबीपीएसच्या पुढे जात नाही. नवा राउटर असूनही वेग बरोबर ९०-९५ वर अडकतो, तेव्हा आधी कनेक्टर तपासावा.

हजेरीपटाची गोष्ट

सेटिंगआधी एक कल्पना समजून घेतली तर पुढचे सगळे सोपे जाते.

वर्गात नवा मुलगा आला की वर्गशिक्षक त्याला हजेरी क्रमांक देतात. वाय-फायवर नवा मोबाइल आला की राउटर त्याला असाच एक क्रमांक देतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात, आणि क्रमांक वाटण्याच्या या कामाला डीएचसीपी. क्रमांक देताना राउटर मोबाइलला हेही सांगतो की बाहेर जायचा दरवाजा कोणता, म्हणजे इंटरनेटला कुठून जायचे. त्या दरवाजाला गेटवे म्हणतात.

आता एका वर्गात दोन वर्गशिक्षक आपापला हजेरीपट घेऊन बसले तर? काही मुलांना पहिल्याकडून क्रमांक मिळेल, काहींना दुसऱ्याकडून. दुसरा शिक्षक दरवाजा म्हणून स्वतःकडे बोट दाखवेल, पण त्याच्या मागे दरवाजाच नाही, भिंत आहे. म्हणून घरात एकाचा मोबाइल चालतो आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण असूनही इंटरनेट नाही असे येते. सकाळी चालते, संध्याकाळी नाही. जुना राउटर नुसता वायरने जोडून दिला की हमखास हेच होते, आणि मग राउटर खराब म्हणून पुन्हा कपाटावर जातो.

उपाय सरळ आहे : क्रमांक वाटण्याचे काम पहिल्या पेटीकडेच ठेवायचे. दुसऱ्याचे डीएचसीपी बंद करायचे. आणि दोघांचे स्वतःचे पत्ते वेगळे ठेवायचे. मग दुसरा राउटर हा राउटर राहतच नाही, वायरच्या टोकावरचा वाय-फायचा नळ होतो. यालाच ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

सेटिंग, याच क्रमाने

आधी पहिल्या पेटीचा पत्ता बघून ठेवा. मोबाइलवर जोडलेल्या वाय-फायच्या तपशिलात गेटवे म्हणून तो दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. इथे आम्ही १९२.१६८.१.१ धरून चालतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, म्हणून घरोघरी तेच दिसतात. मोबाइलवर हे आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करायचे.

आता दुसरा राउटर. तो अजून पहिल्याला जोडायचा नाही, नुसती वीज द्यायची. चालू असताना मागचे रिसेटचे बारीक बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. जुन्या कंपनीची सेटिंग आणि विसरलेले पासवर्ड पुसले जातील. तळाच्या स्टिकरवर त्याचे वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि पान उघडायचा पत्ता असतो. मोबाइल त्या वाय-फायला जोडा आणि मोबाइल डेटा बंद करा. डेटा चालू राहिला तर मोबाइल या वाय-फायला इंटरनेट नाही म्हणून सोडून देतो आणि पान उघडत नाही. लॅपटॉप असेल तर वायरने जोडून करणे जास्त चांगले.

ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, लॉगिन करा. सुरुवातीला आपोआप येणारे सेटअपचे प्रश्न टाळून आत जा. मेनूमध्ये ऑपरेशन मोड अशी जागा असेल आणि त्यात ॲक्सेस पॉइंट असा पर्याय दिसत असेल तर तुमचे नशीब चांगले. तो निवडा, वाय-फायचे नाव आणि पासवर्ड घाला, सेव्ह करा. बाकीचे राउटर स्वतः करतो. बऱ्याच नव्या राउटरमध्ये हा पर्याय असतो, जुन्यांत क्वचित. नसेल तर हाताने करू.

पहिले काम वाय-फायचे. वायरलेस सेटिंगमध्ये नाव, पासवर्ड आणि सुरक्षा डब्ल्यूपीए-२ ठेवा, दोन्हीकडे असेल तर डब्ल्यूपीए-३. नाव आणि पासवर्ड पहिल्या पेटीसारखेच ठेवले तर घरात फिरताना मोबाइल आपणच जवळचा सिग्नल धरतो. चॅनेल मात्र वेगळे द्या. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११. पहिली पेटी १ वर असेल तर दुसरी ६ किंवा ११ वर. सेव्ह केल्यावर नव्या नावाला पुन्हा जोडा. या वेळी पहिली पेटी दोन मिनिटे बंद ठेवली तर बरे, नाहीतर नाव सारखेच असल्यामुळे मोबाइल तिलाच जाऊन चिकटतो.

दुसरे काम पत्त्याचे. लॅन सेटिंगमध्ये दुसऱ्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. पहिल्या पेटीचा पत्ता १९२.१६८.०.१ असेल तर १९२.१६८.०.२ करा, पहिले तीन आकडे दोघांचे सारखे, शेवटचा वेगळा. सेव्ह केल्यावर राउटर बंद होऊन चालू होतो. आता जुन्या पत्त्यावर पान उघडणार नाही, नवा पत्ता टाकूनच उघडेल. अनेक जण इथे घाबरून पुन्हा रिसेट करतात. त्याची गरज नाही.

तिसरे आणि शेवटचे, डीएचसीपी सर्व्हर डिसेबल. हे शेवटीच करायचे, कारण ते बंद केले की तुमच्या मोबाइलला या राउटरकडून क्रमांक मिळणे थांबते आणि पान पुन्हा उघडता येत नाही. डीएचसीपी आधी बंद करून मग पत्ता बदलायला गेलात तर दारच बंद झालेले असते.

आता वायर जोडा. पहिल्या पेटीच्या कुठल्याही लॅन छिद्रातून दुसऱ्या राउटरच्या लॅन छिद्रात. वेगळ्या रंगाचे, बहुधा निळे, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेले एकटे छिद्र असते, ते रिकामे सोडायचे. ॲक्सेस पॉइंट मोड निवडला असेल तर कुठलेही छिद्र चालते. उरलेल्या छिद्रांत टीव्ही किंवा कॉम्प्युटर जोडता येतो.

एक सूक्ष्म गोष्ट राहिली. पहिली पेटी मोबाइलना कुठून कुठपर्यंतचे क्रमांक वाटते ते तिच्या डीएचसीपीच्या पानावर दिसते. तिथे सुरुवात १९२.१६८.१.२ पासून असेल तर ती १९२.१६८.१.१० करून टाका, म्हणजे दुसऱ्या राउटरचा पत्ता चुकून कुणा मोबाइलला दिला जाणार नाही. नवा पत्ता कागदावर लिहून राउटरच्या तळाशी चिकटवा. वर्षभराने पासवर्ड बदलायचा असेल तेव्हा तो कुणालाच आठवत नसतो.

वॅनमध्ये वायर लावली तर?

यूट्यूबवर बरेच जण लॅनमधून दुसऱ्याच्या वॅनमध्ये वायर लावायला सांगतात. तेही चालते आणि सोपे आहे. डीएचसीपी बंद करावे लागत नाही. फक्त दुसऱ्याचा पत्ता अगदी वेगळा हवा, उदाहरणार्थ १९२.१६८.२.१. पण मग घरात दोन वेगळी नेटवर्क होतात. पुढच्या खोलीतला प्रिंटर मागच्या मोबाइलला सापडत नाही, आणि पुढून मागे जाताना चालू कॉल तुटतो. पहिल्या पेटीवर मुलांसाठी वेळेची बंधने घातली असतील तर तिला मागचे सगळे मोबाइल मिळून एकच यंत्र दिसते, त्यामुळे एकाला थांबवायचे तर सगळेच थांबतात. घरासाठी आम्ही लॅन ते लॅनच सांगू.

वेगळे नेटवर्क मुद्दाम हवे असते ते भाडेकरू असताना किंवा घरात ट्यूशन चालत असताना. इथे एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. लोक बाहेरच्यांना दुसऱ्या राउटरवर ठेवतात आणि निर्धास्त होतात. प्रत्यक्षात दुसऱ्या राउटरवरचा माणूस पहिल्या नेटवर्कमधली यंत्रे गाठू शकतो. पहिल्यावरच्याला मात्र दुसऱ्याच्या आतले दिसत नाही. म्हणजे आडोसा आतल्या राउटरला मिळतो, आणि तिथे घरच्यांनी असायला हवे. त्यापेक्षा पहिल्या पेटीतले गेस्ट नेटवर्क चालू करून तेच बाहेरच्यांना द्या. आणि गच्चीवरून शेजारच्या घरात वायर द्यायची असेल तर दहादा विचार करा. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्यावरून काही वावगे झाले तर चौकशी आधी त्याच्याकडे येते. शिवाय दोन इमारतींमधली उघडी तांब्याची वायर वीज कडाडताना दोन्ही घरांतल्या यंत्रांना घातक ठरते.

वायर टाकताच येत नसेल

भाड्याचे घर, भोक पाडायला मालकाची मनाई. अशा वेळी रिपीटर घेतात. तो पहिल्याचा सिग्नल हवेतून घेऊन पुढे देतो. त्याच पट्टीवर घ्यायचे आणि द्यायचे असल्याने वेग साधारण निम्मा होतो. तो जिथे नेट येत नाही त्या खोलीत लावू नये. तिथे त्याला स्वतःलाच सिग्नल नसतो, मग तो पुढे काय देणार? पहिली पेटी आणि ती खोली यांच्या मध्ये, जिथे मोबाइलवर अजून चांगला सिग्नल आहे तिथे लावायचा. खर्चाची तयारी असेल तर दोन-तीन नगांचे मेश संच मिळतात, ते रिपीटरपेक्षा नीट चालतात. तेही वायरने जोडता आले तर त्यांचा वेग वाढतो.

जोडल्यावर

दोन्ही पेट्यांचा लॉगिन पासवर्ड बदला. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा. मूळचा पासवर्ड तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो सगळीकडे एकच असतो. डब्ल्यूपीएस बंद करा.

दोन्ही पेट्यांमध्ये दोन वायरी लावू नका. एक सैल पडते म्हणून दुसरी लावून ठेवू, असे वाटते. पण त्या दोन वायरींतून तोच संदेश गोल गोल फिरत राहतो आणि काही सेकंदांत घरातले सगळे नेट ठप्प होते. दुसऱ्या राउटरची वायर चुकून त्याच्याच दुसऱ्या छिद्रात लागली तरी हेच. सगळे दिवे एकदम वेगाने लुकलुकत असतील तर आधी हे बघा.

लाइट गेल्यावर पुढची पेटी इन्व्हर्टरवर असेल पण मागचा राउटर नसेल, तर मागे नेट जाईल. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस मिळतो, तो दोन-तीन तास काढतो. परीक्षेच्या दिवसांत तो असलेला बरा.

मागच्या खोलीत येऊनही मोबाइल पुढचाच मंद सिग्नल धरून बसतो, अशी तक्रार येते. कोणता सिग्नल धरायचा हे मोबाइल ठरवतो, राउटर नाही. एकदा वाय-फाय बंद करून चालू केले की जवळचा धरतो. रोजच असे होत असेल तर मागच्या राउटरचे नाव वेगळे करा, आणि मुलीच्या मोबाइलमध्ये तेवढेच ठेवून पुढचे विसरायला लावा.